आत्याबाईंची अबीगईल

बायबलातल्या झाडून साऱ्या बायकांशी माझ्या आतेसासूबाईंची घरोब्याची ओळख आहे, आणि त्यांतल्या निम्म्याजणींशी त्यांचं पटत नाही. आम्ही बाकीचे ख्रिस्ती लोक पवित्र शास्त्र वाचतो. आत्याबाई त्यात बिऱ्हाड केल्यासारख्या वावरतात. सारा म्हणजे त्यांच्या लेखी गल्लीच्या टोकाची फटकळ म्हातारी. मार्था म्हणजे पाहुण्यांच्या देखत मुद्दाम भांडी आपटणारी त्यांची थोरली जाऊ. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका, त्यातली बरीचशी बाळंतिणींच्या वॉर्डात, त्यामुळे शलमोन राजाचं ज्ञान, त्याचं वैभव, त्याचं मंदिर हे सगळं ऐकून झालं की त्या एवढंच म्हणतात, "सातशे बायका होत्या. बाळंतपणं कोण करत होतं, ते कुणी लिहून ठेवलं नाय."

एका रविवारी पाळकसाहेब नोहाच्या विश्वासावर फार सुंदर बोलत होते. पाऊस कोसळतोय, पाणी चढतंय, आणि हा नीतिमान माणूस देवावर भरवसा ठेवून शांत आहे. तिसऱ्या बाकावरून आत्याबाई उभ्या राहिल्या. "साहेब, तारवात जनावरं किती दिवस होती?" साहेबांनी मनात हिशेब करून वर्षभर तरी असं सांगितलं. "मग शेण कोण काढत होतं?" साहेबांनी समोरच्या पानात शोधून पाहिलं. "नोहा तर प्रार्थनेत होता म्हणता. म्हंजे बायको आन् तीन सुना. त्यांची नावं काय दिली नायत," असं म्हणून त्या खाली बसल्या, आणि साहेबांना त्या दिवशी तारू डोंगरावर टेकवायला बराच त्रास झाला.

त्यांचं बायबल मोठ्या टायपातलं आहे आणि त्यात खुणेला रक्तदाबाच्या गोळ्यांची संपलेली पाकिटं असतात. त्या राहतात त्या छावणीच्या बाजारात एक बांगडीवाली चाची बसते. तिला त्यांनी याएलची गोष्ट सांगितलेली मी स्वतः ऐकली आहे. हरलेला सेनापती याएलच्या तंबूत लपायला येतो, ती त्याला दूध पाजते, पांघरूण घालते, आणि तो गाढ झोपला की हातोडा घेते. "मेख ठोक दी, सीधी कनपटी में," आत्याबाई म्हणाल्या. चाचीच्या हातातली बांगडी तशीच राहिली. "फिर?" "फिर क्या. चालीस साल अमन." चाचीनं त्या दिवशी बांगड्यांचे पैसे घेतले नाहीत.

यावरून त्या शूर असतील असं कुणाला वाटेल, तर तसं अजिबात नाही. त्या पालीला घाबरतात. लिफ्टला घाबरतात. बँकेत गेल्या की खिडकीतल्या माणसाशी इतक्या हळू बोलतात की तो दरवेळी त्यांना बहिऱ्या-मुक्या समजून खुणा करतो. त्यांचं शौर्य सगळं दुसऱ्यांच्या गोष्टींतलं, असं आम्ही घरात हसून म्हणत असू. तसं म्हणणं मी ज्या दुपारी सोडलं, ती दुपार सांगायची आहे.

आम्ही बजाजनगरला राहतो. माझे मिस्टर वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर असतात. आमच्या मंडळीची उपासना पिठाच्या गिरणीवरच्या भाड्याच्या हॉलमध्ये होते आणि महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर बायकांची वेगळी सभा असते. तिच्यासाठी आत्याबाई छावणीतून सिटी बसनं येतात. त्या रविवारी त्यांनी अबीगईल घेतली होती. नाबाल नावाच्या श्रीमंत, उर्मट माणसाची ही शहाणी बायको. नाबालानं दावीदाच्या माणसांचा अपमान केला, दावीद चारशे माणसं आणि तलवारी घेऊन निघाला. हे कळताच अबीगईलनं भाकरी, मटण, मनुका, अंजिरं गाढवांवर लादली, आणि त्या फौजेला एकटी आडवी गेली.

"तिनं नवऱ्याला विचारलं का?" आत्याबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नाय विचारलं. तसं शास्त्रातच लिवलंय. विचारत बसली असती, तर सकाळपर्यंत घरात एक बाप्या शिल्लक राहिला नसता. नवऱ्याचं ऐकावं, हे ठीक. पण नवरा नाबाल असला तर काय करावं, तेबी देवानं लिवून ठेवलंय. तेवढंच पान चिकटून राहतं आपलं."

बायका हसल्या. शेवटच्या रांगेतली करुणा हसली नाही. करुणा म्हणजे आमच्या गायनसंघाच्या सतीशची बायको. सतीशचा आवाज इतका गोड की त्यानं प्रार्थनागीत म्हटलं की म्हाताऱ्यांचे डोळे भरून यायचे. करुणाचा आवाज मात्र मी दोन वर्षांत फारसा ऐकला नव्हता. त्या दिवशी तिनं पदर उजव्या कानावरून घट्ट ओढून घेतला होता, आणि तीन वर्षांची मुलगी मांडीवर होती.

सभा संपल्यावर आत्याबाई थेट तिच्याकडे गेल्या आणि काही न विचारता पदर बाजूला केला. कान काळानिळा होता, आतून काहीतरी वाहून वाळलं होतं.

"दार लागलं," करुणा म्हणाली.

आत्याबाईंनी कान निरखून पाहिला. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमचं दार डावखुरं दिसतंय."

सतीश डावरा आहे, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. करुणानं मान खाली घातली आणि त्याच मानेनं म्हणाली, "आत्या, मला आज घरी जायचं नाही."

तिला आम्ही माझ्या घरी आणली. दोन गल्ल्यांचं अंतर, पण मला ते संपता संपेना. घरी मिस्टर नव्हते, दुसऱ्या पाळीला गेले होते. मुलीला आतल्या खोलीत निजवलं. पंधरा मिनिटांत माझा फोन वाजला. सतीश होता, आणि त्याचा आवाज गाण्यात असतो तितकाच गोड होता. "वहिनी, करुणा तुमच्याकडं आहे ना? पाठवून द्या. मुलीचं जेवण व्हायचंय." मी काय बोलले ते आठवत नाही. तो म्हणाला, "बरं. आम्ही येतो न्यायला." 'आम्ही' म्हणजे कोण, ते मला ठाऊक होतं. त्याला दोन धाकटे भाऊ होते.

मी दाराला कडी घातली. आत्याबाईंनी ती काढली. "कडी लावलेलं दार तोडता येतं," त्या म्हणाल्या. "तू पोलिसांना फोन लाव. पत्ता नीट सांग, गिरणीची खूण सांग. आन् चहा टाक. मोठ्या पातेल्यात."

मला वाटलं त्यांना भ्रम झाला. "चहा?"

"टाक म्हणते ना."

मी एका हातानं फोन धरला आणि दुसऱ्या हातानं साखर टाकली, किती टाकली देव जाणे. फोनवरची बाई म्हणाली, गाडी पाठवते, वीसेक मिनिटं लागतील. तेवढ्यात आत्याबाईंनी प्लास्टिकची खुर्ची ओढत नेऊन बरोबर फाटकाच्या मधोमध ठेवली आणि तीत बसल्या. फाटक लहान आहे आमचं. खुर्चीच्या बाजूनं मांजरच जाऊ शकलं असतं. त्या चष्मा काढून पदरानं पुसत होत्या, पुन्हा लावत होत्या, पुन्हा काढत होत्या, ते मला स्वयंपाकघरातून दिसत होतं.

दोन मोटारसायकली आल्या. सतीश पुढे, दोघे भाऊ मागे. सतीशनं पांढरा शर्ट घातला होता, सकाळी उपासनेत घातला होता तोच.

"आत्या, बाजूला व्हा," तो म्हणाला.

आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मधल्या भावाकडे बोट केलं. "तू पायाळू. बरोबर ना? तुझी आई दोन दिवस कळा देत होती. तुझे पाय आधी आले. डॉक्टर यायच्या आत मी ओढला तुला. निळा पडला होतास. पाठीत दोन चापट्या घातल्या तवा रडलास."

तो पंचविशीचा दांडगा माणूस एकदम ओशाळला. "आई सांगते," तो पुटपुटला.

"चहा घ्या," आत्याबाई म्हणाल्या, आणि मला आत हाक मारली.

मी ट्रे घेऊन गेले. त्या धाकट्या दोघांनी, काय करावं ते न सुचून, कप घेतले. चहा उकळता होता. दोघांनी दोन्ही हातांनी कप सावरून फुंकर मारायला सुरुवात केली. सतीशनं घेतला नाही, म्हणून तिसरा कप आत्याबाईंनी स्वतःच्या हातात धरला.

"माझी बायको आहे. हा आमच्या घरातला मामला आहे," सतीश म्हणाला. आवाजातला गोडवा अजून गेला नव्हता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"व्हय. आन् तिचा कान दवाखान्याचा मामला आहे. पडदा फाटलाय. मी दाखवायला नेणार आहे."

"तुम्ही कोण नेणाऱ्या?"

"फाटकात बसलेली म्हातारी," त्या म्हणाल्या. "पण उठणार नाय मी."

त्यानं खुर्चीच्या पायाला लाथ मारली. खुर्ची कलंडली नाही, पण तो कढत चहा सगळा आत्याबाईंच्या मांडीवर सांडला. त्यांच्या तोंडून 'स्स' एवढाच आवाज आला. मी किंचाळले असेन. त्या उठल्या नाहीत. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून त्या तशाच बसून राहिल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांची नजर आता पहिल्यांदा सतीशवर होती.

"दादा, म्हातारीला भाजलं," पायाळू भाऊ म्हणाला. त्यानं कप खाली ठेवला आणि सतीशचा दंड धरला. सतीशनं तो झिडकारला. मग त्यानं मान वळवून गल्लीकडे पाहिलं. सभेतल्या पाच-सहा बायका येऊन आमच्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांनी काही केलं नाही. कुणी ओरडलं नाही. एक तर अजून सभेची सतरंजी काखेत घेऊन आली होती. त्या फक्त बघत होत्या. आणि करुणा केव्हा तरी बाहेर येऊन माझ्या मागे उभी राहिली होती. ती म्हणाली, "मी येणार नाही." इतक्या हळू, की सतीशला "काय?" म्हणावं लागलं. मग तिनं तेच पुन्हा म्हटलं, आणि या वेळी ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

पोलिसांची गाडी आली तेव्हा दोघे धाकटे निघून गेले होते आणि सतीश मोटारसायकलवर बसून कुणाला तरी फोन लावत होता. गाडीतून उतरलेली महिला शिपाई आत्याबाईंच्या भिजल्या लुगड्याकडे पाहून त्यांच्याजवळ आली, तर त्या म्हणाल्या, "माझं नंतर. आधी तिचा कान लिहून घ्या." त्यानंतर ठाणं, दवाखाना, कागद, सह्या. डॉक्टरांनीही पडदा फाटल्याचंच सांगितलं.

दिवेलागणीला घरी आल्यावर मी त्यांच्या मांडीला मलम लावत होते. तळहाताएवढे फोड आले होते. मी विचारलं, चहाचं कसं सुचलं? त्या म्हणाल्या, "कढत कप हातात असला की बाप्याला हात उगारता येत नाय. अबीगईलनं भाकरी नेल्या त्या काय उगाच? भरल्या हातानं मारामारी होत नाय." मग हसल्या, आणि हसता हसता त्यांचं सगळं अंग कापायला लागलं. मी पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"वॉर्डात एक पोरगी आली होती," त्या म्हणाल्या. "लई वर्षं झाली. हात मोडलेला. जिन्यावरून पडले म्हणत होती. मला कळत होतं गं. चार दिवस माझ्याशी बोलली, मग विचारलं, सिस्टर, मी काय करू. आपलीच होती, ख्रिस्ती. मी तिला रूथची गोष्ट सांगितली. सोडून न जाणारी रूथ. तुझ्यातबी तशी निष्ठा पायजे म्हणाले." त्यांनी माझ्या हातातली मलमाची डबी घेऊन झाकण लावलं. "रूथ सासूजवळ राहिली होती. तिच्यावर जीव टाकणाऱ्या सासूजवळ. मारणाऱ्या नवऱ्याजवळ नाय. मी गोष्ट चुकीच्या बाईला सांगितली. ती गेली परत. बाराव्या दिवशी तिला चादरीत गुंडाळून आणली तवा माझीच ड्यूटी होती."

आतल्या खोलीत करुणाची मुलगी झोपेत काहीतरी बडबडली आणि पुन्हा गप्प झाली. "तवापासून नीट वाचायला लागले," आत्याबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मंडळीतले दोन वडीलधारे समेटाचा विषय घेऊन आले. घरातलं घरात मिटावं, मंडळीचं नाव जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. लाथ आणि चहा याबद्दल ते बोलत नव्हते. आत्याबाईंनी त्यांना दवाखान्याचा कागद वाचायला दिला आणि दोघांचं वाचून होईपर्यंत समोर बसून राहिल्या. समेटाचा विषय पुन्हा निघाला नाही, पण त्या दोघांनी त्यांच्याशी बोलणंही सोडलं. सतीश दुसऱ्या मंडळीत जातो. तिथंही तो गातो, आणि तिथंही म्हाताऱ्यांचे डोळे भरून येत असतील.

करुणा आठ महिने छावणीत आत्याबाईंच्या दोन खोल्यांत राहिली. आता चितेगावला एका कंपनीत पॅकिंगला आहे, तिथंच खोली घेतली आहे, मुलगी बालवाडीत जाते. कोर्टाच्या तारखा अजून पडतात. उजव्या कानानं तिला कमी ऐकू येतं, ते भरून यायचं नाही असं डॉक्टर म्हणतात. आत्याबाईंचे गुडघे गेले आहेत, बजाजनगरची बस त्यांना आता झेपत नाही. सभा कधी मी घेते, कधी दुसरी कुणी, आणि आम्ही घेतलेली सभा बरीच लवकर संपते.

महिन्यातून एकदा करुणा दोन बस बदलून छावणीला येते. मीही जाते. ती आली की आत्याबाई खाटेवरून मोठ्या कष्टानं सरकतात आणि तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला येऊन बसतात. विचारतात एकच. "झोप लागते का नीट?"

"लागते, आत्या."

मागच्या खेपेला करुणा मुलीला घेऊन बसथांब्याकडे गेली, तशी मी म्हटलं, "आणि तुम्हाला लागते का?" त्या खिडकीतून त्या दोघींच्या पाठमोऱ्या आकृतींकडे बघत होत्या. दोघी वळणाआड गेल्या तरी बघत राहिल्या.

"पहाटं पहाटं," त्या म्हणाल्या. "आता लागती थोडी."