लोणी देवकरला पाहिलेलं रडणं

माझ्या धाकट्या बहिणीला, शीतलला, ऐकू येत नाही. तिच्या नवऱ्यालाही नाही. सिद्धू झाला तेव्हा मी एक यंत्र बनवलं. पाळण्याला डबी, शीतलच्या मनगटाला पट्टा. बाळ रडलं की पट्टा थरथरतो. भवानीनगरच्या तशाच एका जोडप्यानं ते मागितलं. पण वायरलेस वस्तू दुसऱ्याला द्यायची तर सरकारी मंजुरी हवी, आणि त्याआधी प्रयोगशाळेत चाचणी. म्हणून निघालो.

लोणी भापकरहून गाडी वडिलांनी, म्हणजे तात्यांनी काढली; शीतल आणि सिद्धूही बरोबर. बारामतीत मिसळ खाल्ली, मग भवानीनगरमार्गे इंदापूर आणि महामार्गानं थोडं मागं लोणी देवकरची एमआयडीसी. गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगावं लागतं, वेळ हाताशी ठेवा. यंत्राचे दोन नग न्या.

चाचणीच्या खोलीत भिंतींना, छताला फोमचे टोकदार शंकू. दार लागलं आणि मला माझाच श्वास ऐकू आला. मोबाइल मुका. बाहेरची एकही लहर आत येत नव्हती!

पहिल्याच फेरीत नापास.

"ठरलेल्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीवरही लहर गळतेय," चाचणी घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "पॉवर कमी करून बघा."

कमी केली, पास झालं. पण आता लहर पट्ट्यापर्यंत पोचेल? आम्ही बाहेर आवारात आलो, शीतल पट्टा बांधून फाटकापर्यंत गेली. डबी तात्यांजवळ, सिद्धू त्यांच्या मांडीवर. भुकेला होताच, त्यानं भोकाड पसरलं. लांबून शीतलनं हात उंच केला.

"पोचलं गं बाई!" तात्या ओरडले.

ती धावत आली, त्याला उचललं. मॅडमनी डबीजवळ छोटा अँटेना धरला आणि लहर मोजायच्या यंत्राचा पडदा शीतलकडं वळवला. सिद्धू रडला की सपाट रेघेतून उंच टोक उसळायचं. थांबला की रेघ सपाट. शीतलनं त्या टोकावर बोट ठेवलं आणि खुणेनं मला विचारलं, "हा त्याचा आवाज?"

मी मान हलवली. तिचे डोळे भरले.

"मलाबी आजच दिसलं हे," तात्या हळूच म्हणाले.

परतताना महामार्गावर चिलापी मासळी खाल्ली. झणझणीत होती. लहरींची गणितं मी कॉलेजपासून सोडवत आले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यापुढं हात जोडावेसे वाटले.

पुढं मंजुरी आली. मी आणि शीतल भवानीनगरला डबी घेऊन गेलो. तिथल्या आईनं पट्टा बांधला, लेकीला पाळण्यात ठेवलं आणि अंगणात कपडे वाळत घालू लागली. आत बाळ रडलं.

ती पाठमोरी होती. वळली.