कोनची ठमाबाई आणि टेमघरची आक्का

कोनच्या ठमाबाईनं पस्तीस वर्षं लग्नांत धवले गायले. मांडवातली ही गाणी तिनं सुरू केल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नसे. टेमघरची आक्काही धवलारीणच. दोघी एकाच बाईकडे शिकलेल्या. पण आक्काचा आवाज वर चढला की फाटतो, हे ठमाबाई सगळ्यांना आवर्जून सांगायची.

दोन वर्षांपूर्वी एका म्युझिक कंपनीची माणसं टेमघरच्या एका हळदीत कॅमेरा घेऊन आली आणि आक्का मोबाईलवर झळकली. बारा लाख लोकांनी पाहिली. ठमाबाईची सून भाविका तो व्हिडिओ लावायची, तेव्हा आधी फरशीची जाहिरात यायची.

"ही फरशी मधीच कशाला गो?"

"त्याचेच तर पैसे असतात, आई. जाहिरातवाला पैसे देतो, ॲपवाले आपला वाटा कापतात, उरलेले चॅनेलच्या मालकाला."

मालक म्हणजे आक्काच, असं ठमाबाईनं धरलं. तिला घास गोड लागेना. त्यात कशेळीच्या केसरीनाथनं मुलीच्या लग्नाला तिला डावलून आक्काला बोलावलं. मग मात्र राहवेना. भाविकाला घेऊन ती टेमघरला गेली.

"नवीन घर बांधलंस का न्हाय अजून?" तिनं दारातच टोमणा मारला.

"कशाचं घर!" आक्का म्हणाली. "एक साडी, पाच हजार, न कागदावर सही. चॅनेल त्यांचा. माझ्या नातीनं, ऋतिकानं, त्याच हळदीचं गाणं आपल्या मोबाईलवरून टाकलं, तं कंपनीनं हक्क सांगितला. त्यावरच्या जाहिरातींचं पैसंबी त्यांनाच. गला माझा, न हक्क त्यांचा!"

ठमाबाईच्या जिवाला गार वाटलं. तेवढ्यात कल्याणच्या दोन मुली घर विचारत आल्या. त्यांना आक्कासोबत फोटो हवा होता. आक्कानं पदर सावरला. एकीनं ठमाबाईच्या हातात मोबाईल दिला, "मावशी, जरा काढता का?"

ठमाबाईनं काढला. आक्काचं डोकं अर्धं कापलं गेलं. ते तिला दिसलं, तरी तिनं मोबाईल तसाच परत दिला.

 परतताना कोनला रिक्षातून उतरल्यावर ती भाविकाला म्हणाली, "त्या कंपनीचा नंबर काढ."

"आई, ऐकलंत ना? सही केली की गाणं त्यांचं."

"बहिरी न्हाय मी. लाव फोन."

महिन्याभरात ठमाबाईचा व्हिडिओ आला. साडी मिळाली, पैसे चारच हजार. आता रोज सकाळी ती भाविकाला आधी आक्काचा आकडा विचारते, मग आपला.