कौसल्याचा उजवा हात

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, देवासमोरही नाही — तिथं तर मी तोंड मिटूनच उभी राहते. तुम्हाला का सांगतेय? ते मलाच कुठं ठाऊक आहे!

राज्य नवं नवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. धामणगाव बढ्याच्या भाजीवाल्याची मी पोर, नागपूरला जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकून आले. दुखावलेल्या हाताला कामातूनच पुन्हा काम शिकवायचं — एवढंच ते. पण गावाला कळेल तर शपथ. आई म्हणायची, "काऊन वं, हात हलवाले शिकवाले कालेज लागते काय?" सगळे हसायचे. मला राग यायचा, फार राग यायचा. बुलढाण्याला एका ट्रस्टच्या दवाखान्यात जागा मिळाली, तीही सहा महिन्यांच्या बोलीवर. मग ट्रस्टची मंडळी येऊन काम बघणार — पसंत पडलं तर ठेवतील, नाही तर चालले मी वांगी तोडायला.

आणि तेव्हाच कौसल्या आली. आमच्याच गावची सून. ज्वारी कापताना घसरून पडली नि विळा उजव्या तळहातात घुसलेला, बोटं मिटवणाऱ्या शिरा तुटलेल्या. सर्जननी त्या शिवल्या. अशा हाताचा एकच नियम — शिवण पक्की होईस्तोवर, दोन-अडीच महिने, तळहात ताणून सपाट करायचा नाही. मीच तिला दहादा बजावलं होतं. आणि ती ऐकायची तरी किती! घरी वेणीसुद्धा नणंदेकडून घालून घ्यायची.

मंडळी आली तेव्हा तिचा चौथा आठवडा चालू होता. दाखवायला माझ्याकडे होतं काय? मातीचे गोळे, सुतळीच्या गाठी. एकानं तर सरळ जांभई दिली. आणि मी — थांबा, सांगते — मी परातीत पीठ मळलं आणि कौसल्याला म्हणाले, थाप भाकरी.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हात सपाट नोको करू म्हनलं होतं ना बाई तुमी?"

एकच थाप, म्हणाले मी. तिनं थापली. गोल, सुरेख. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, माझी नोकरी पक्की झाली. टाळ्या चालू असताना तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो मी पाहिला. नाही पाहिला असं कसं म्हणू?

चार दिवसांनी सासू तिला घेऊन आली. बोटं मिटत नव्हती. शिवण आतून तुटली होती, आता पुन्हा जोडता येणार नाही, असं सर्जन म्हणाले. कसं झालं हे? — त्यांनी मला विचारलं. मी केसपेपरवर लिहिलं, 'सांगूनही घरी जड काम केले.' चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. वर सासूदेखत तिलाच विचारलं, घरी काम केलंस ना गं? लाज कुठं गेली होती माझी?

तिनं तो हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "हाव बाई. केलं असन म्या."

सासूनं तिथंच शिव्या घातल्या. मी अडवलं नाही. पुढं जन्मभर ती त्या घरात डाव्या हातानं राबली आणि 'ऐकलं नाही, भोग आता' हे ऐकत राहिली. मी मात्र मोठी झाले. पोरी शिकवल्या. दर वर्षी नव्या पोरींना सांगायचे — पेशंट ऐकत नाहीत, आमच्या गावची एक बाई होती... नीचपणा, दुसरं काय म्हणू?

गेल्या साली गावात एका लग्नात ती माझ्या शेजारी जेवायला बसली. अख्ख्या पंगतीत डाव्या हातानं जेवणारी ती एकटीच. वाढायला आलेल्या नातसुनेला म्हणाली, "ह्या बाईचं ऐकलं असतं ना म्या, त माहा हात वाचला असता."

टोमणा नव्हता तो. इतक्या वर्षांत तिला ते खरंच वाटायला लागलं होतं.

मी "हो" म्हणाले. आणि ताटातली बुंदी संपवली.