जिनिंगच्या फाटकापुढचा दगड

गुरुवारी सकाळी गिरजामावशीच्या गणेशचा फोन आला. "ताई, आई गेली..." एवढंच बोलला आणि रडायला लागला. मी वाशीमला नोकरीवर निघाले होते, तशीच पायरीवर बसले. आणि मनात पहिला विचार काय यावा? उद्या शुक्रवार, मावशीचा दगड आता कोण ठेवणार!

गिरजामावशी आमच्या शेजारच्या, माळ्यांच्या घरची. आमच्या गावचा बाजार शनिवारी भरतो, कारण एकेकाळी जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, पगार शनिवारी व्हायचा. सगळं गाव त्या जिनिंगवर जगायचं. हिवाळ्यात कापसाच्या गाड्यांची रांग पार नाल्यापर्यंत जायची. माझे बाबा तिथेच कामाला, घरी यायचे ते भुवयांवर कापूस घेऊन. सुटी झाली की माणसं फाटकापुढे भाजी घ्यायची. भाजीवाल्या बाया शुक्रवारी संध्याकाळीच येऊन आपापल्या जागेवर एकेक दगड ठेवून जायच्या. दगड ठेवला की जागा झाली. एरवी त्या हजार भांडणं करतील, पण दुसरीच्या दगडाला हात लावायचा नाही. मावशीचा दगड काळा, चपटा, फाटकाला लागून. बाबा दिसले की "जयभीम, भाऊजी" म्हणायची आणि पिशवीत न मागता सांबार टाकायची. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आमच्याकडे सांबारच!

मग कापूस कमी झाला, शिवारभर सोयाबीन आलं आणि जिनिंगला कुलूप लागलं. गावाची कळाच गेली हो! बाबा कितीतरी दिवस सवयीने फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. भाजीवाल्या पांगल्या. मावशी मात्र शनिवारी हजर. माझी आई तिला म्हणाली, "फाटकाले कुलूप हाये, तू कोनासाठी बसून राह्यली व गिरजा?" मावशी उखडलीच. "जिनिंगले भूक लागत होती काय? मानसायले लागते ना! मानसं तं इथंच हायेत." आणि खरंच, बाया एकेक करून परत आल्या, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून लोक येऊ लागले, सोयाबीन विकून निघालेला माणूस तिथेच थांबून भाजी घेऊ लागला. आज बाजार रस्ताभर पसरतो.

एकदा तर गंमतच झाली. कुणी मोठा पाहुणा येणार म्हणून सफाईवाल्यांनी पहाटेच रस्ता साफ केला आणि कचरा समजून सगळे दगड ट्रॉलीत भरून नाल्याकाठी टाकून आले. झालं! बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात. मावशी मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कासाबाई, तू खांबापाशी. सुमन, तू कायले पुढं सरकून राह्यली? मांगं हो!" सगळ्यांना बसवून मग स्वतः बसली. दुपारी नाल्याकाठी जाऊन आपला दगड शोधला आणि डोक्यावर घेऊन आली. "मेला लय जड हाये," म्हणत हसत होती.

शेवटी शेवटी तिला एकच घोर होता. गणेश आणि सून रेखा पुण्याला जायचं म्हणत होते. मी भेटायला गेले तेव्हा तिने विचारलं, "शीले, मी गेल्यावर माहा दगड कोन ठेवन?" आतून रेखा म्हणाली, "आत्याबाई, दगडाच्या भरवशावर लेकरं शिकत नाहीत." रेखाचं तरी काय चुकलं?

ती गेली त्या आठवड्याच्या शनिवारी फाटकाजवळची जागा रिकामी होती. तिथे दगड नव्हता, तरी कुणी सरकलं नाही. "आमी नाही बसत. तिची जागा हाये," कासाबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. मलाही राहवलं नाही, तिथेच रडले.

तेरवीनंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी मी बसमधून उतरले, तर फाटकापाशी रेखा. कडेवर लेकरू घ्यावं तसा तिने तो दगड घेतला होता. खाली ठेवला, पायाने थोडा सरळ केला. मला पाहून जरा चिडूनच बोलली, "असं काय पाहता, ताई? वर्षभर पाहू. नाही जमलं तं जाऊ पुन्याले."

सकाळी मी तिच्यापुढे पिशवी धरली. तिला अजून तराजू नीट धरता येत नाही, आवाजही फुटत नाही. मेथी घेतली, वांगी घेतली आणि निघाले. तेवढ्यात मागून हाक आली, "ओ ताई, थांबा ना!" आणि तिने पिशवीत वरून सांबार टाकला.