सुगलाक्काचे कोंबडे

सुगलाक्का भांडायला निघाली की आधी तोंड धुवायची. मग धुतलेलं इरकली लुगडं नेसायची, कपाळाला विभूती लावायची, केस चापून बसवायची, आणि त्यानंतर उंबरा ओलांडायची. गल्लीतल्या बाकीच्या बायका भांडणाला धावत त्या पदर खोचून, पिठाचे हात तसेच घेऊन. अक्का मात्र अशी आवरून एखाद्याच्या दारात उभी राहिली की आतल्या माणसाला घाम फुटायचा. "मी भांडायला आले न्हाय, सांगायला आलेय," हे तिचं पहिलं वाक्य. त्यानंतर ती जे सांगे ते ऐकलेला माणूस पुढे आठवडाभर तिच्या दारावरून जात नसे.

सोलापुरात बाळीवेशीत तिच्या शेजारची खोली मी भाड्यानं घेतली तेव्हा म्युनिसिपालटीच्या शाळेत नुकतीच लागले होते. राग मलाही लवकर येतो. पण माझा राग उतू गेलेल्या दुधासारखा, चूल विझवून मोकळा होतो. अक्काचा राग तिच्याजवळ वर्षानुवर्षं राहायचा. आज ती नाही, आणि तिच्याबद्दल लिहायला बसले तर मलाच राग येतो आहे. तो आवरून लिहिलं तर ते अक्काबद्दल होणार नाही, म्हणून आवरत नाही.

तिचे यजमान चन्नप्पा गिरणीत होते. कापसाच्या धुळीनं त्यांची छाती गेली आणि ते ओट्यावर येऊन बसले ते बसलेच. बोलणंही जवळजवळ थांबलं. कोपऱ्यावर धाकट्या दिराचं, मल्लाण्णाचं, किराणा दुकान होतं. तो सणासुदीला थोरल्या भावाकडे ज्वारी पाठवायचा आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचा. "मल्लाण्णाची ज्वारी पोटात जात न्हाय, टीचर, गळ्यातच बसती," असं अक्का म्हणायची. त्या ज्वारीतून सुटायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. आणि तेव्हा रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात तिनं ऐकलं की पुण्याकडच्या हॅचरीला पत्र टाकलं तर एक दिवसाची जिवंत पिल्लं आगगाडीनं घरपोच, म्हणजे स्टेशनपोच येतात.

लिंगायताच्या घरात कोंबड्या. मल्लाण्णानं दुकान सोडून धाव घेतली आणि सोबत मठातल्या स्वामींना, अय्यांना, घेऊन आला. अर्धी गल्ली ओट्यापुढे जमली. मी माझ्या दारातून बघत होते. अक्का अय्यांच्या पाया पडली आणि शांतपणे म्हणाली, "अय्या, कोंबडा नसंल तर अंड्यात जीव न्हाय. मी सगळ्या माद्या मागवनार. अंडं दुधासारखं. आनि ह्या दारातनं एकबी पक्षी सुरीखाली जानार न्हाय. म्हातारी होऊन मरंस्तवर मी दाना घालीन." मग तिनं चन्नप्पांच्या गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. अय्या विचार करून म्हणाले, तसं असेल तर चालेल. मल्लाण्णाचं तोंड आंबट झालं. धर्माची त्याला एवढी काळजी होती तर आजारी भावाच्या औषधाची कधी केली नाही, हे मी तेव्हाही मनात म्हटलं होतं.

अक्का कानडी वाचायची, मराठी नाही. त्यामुळे हॅचरीचं कार्ड मी लिहिलं.

"लिवा, सगळ्या माद्या पायजेत. नर एकबी नको. माद्यांचा भाव ज्यादा असंल तर ज्यादा देतो."

"कृपया घालू का?"

"घाला की. कृपयानं नर कमी येत असतील तर दोनदा घाला."

मी दोनदा घातलं. खाली तांबड्या शाईची रेघ मारली. हॅचरीनं माद्यांचा जादा भाव मनिऑर्डरनं आगाऊ घेतला आणि गाडीचा दिवस कळवला. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पेटी स्टेशनवरून आली तेव्हा आत नुसता पिवळा चिवचिवाट होता. परसात गोणपाटाचा आडोसा, मध्ये शेगडी, आणि शेगडीशेजारी चन्नप्पा. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते आपणहून तिथे जाऊन बसले. पिल्लं त्यांच्या पावलांवर चढून झोपत, आणि ते पाय हलवायचे नाहीत. एकदा मी त्यांना पिल्लांशी कानडीत काहीतरी बोलताना ऐकलं. अक्काला जाऊन सांगितलं तर ती चुलीपुढून उठलीच नाही, नुसती म्हणाली, "बोलू द्या. आपन बघायला गेलो की गप बसतील." तिचे डोळे धुरानं लाल झाले होते, असं आपण म्हणू.

दीड-दोन महिने गेले. पांढरी पिसं आली, आणि पिसांबरोबर तुरे आले. काहींचे जरासे, बऱ्याच जणांचे चांगले लालभडक. एका सकाळी परसातून घसा बसल्यासारखा एक आवाज आला. पहिलीच बांग होती, फसलेली. मला हसू फुटलं.

"हसू नका, टीचर," अक्का म्हणाली. "ह्यो कोंबडा हाय."

एक नव्हता. निम्म्याहून जास्त नर होते. माद्यांचे पैसे घेऊन, दोनदा कृपया वाचून, तांबडी रेघ बघून त्यांनी नर भरले होते. अंगणात दाणे टाकणाऱ्या सोलापूरच्या बाईला काय कळतंय, असा त्यांचा हिशेब. पण पैशाचं दुःख अक्कानं बोलूनसुद्धा दाखवलं नाही. "अय्यांना मी काय सांगितलंतं?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. कोंबडा आला म्हणजे अंड्यात जीव आला. आणि कोंबड्याचा दुसरा उपयोग जगाला एकच माहीत आहे.

तो उपयोग सांगायला मल्लाण्णा त्याच दिवशी हजर झाला. आवाज खाली आणून म्हणाला, "वैनी, वळखीचा एक खाटीक हाय. मी पोत्यातनं नेतो की. कुनाला कळनार न्हाय, भाव पन बरा येईल." ज्या माणसानं अय्यांना आणून गल्ली गोळा केली होती तोच हा माणूस. अक्कानं त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की तो स्वतःच उठून गेला.

आम्ही हॅचरीला तक्रार लिहिली. उत्तर छापील आलं. तक्रार असल्यास पिल्ले मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत कळवावी. तीन दिवसांच्या पिल्लाला काय विचारायचं होतं, बाळ तू कोण म्हणून? हे वाक्य ज्यानं छापायला दिलं त्याला ते पक्कं ठाऊक होतं. त्याला चोर म्हणायला मी आजही तयार आहे.

अक्कानं ते उत्तर माझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "पुन्याची गाडी कवा हाय?"

सगळे कोंबडे दोन मोठ्या डालग्यांत घालून आम्ही पॅसेंजरनं गेलो. डब्यात लोक नाकाला रुमाल लावत होते, तिकीट तपासनीस दोनदा ओरडून गेला. पुणे स्टेशनच्या नळावर तिनं तोंड धुतलं, पुडीतली विभूती काढून लावली. हॅचरीच्या ऑफिसात टेरिलिनचा शर्ट घातलेला एक तरुण मॅनेजर होता. अक्कानं डालगी त्याच्या टेबलापुढे ठेवली आणि आपलं पहिलं वाक्य म्हटलं. तेवढ्यात एक कोंबडा खणखणीत आरवला.

मॅनेजर चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसून म्हणाला, "अहो बाई, एवढ्यासाठी सोलापूरहून आलात? राहू द्या हे इथे. तेवढ्या माद्या पुढच्या घाण्यातून फुकट पाठवतो. विषय संपला."

मला वाटलं, जिंकलो. अक्कानं विचारलं, "आनि ह्यांचं काय करनार?"

"करायचं काय? संध्याकाळी खाटकाची गाडी येते."

"मी लिंगावर हात ठिवलाय, साहेब. सुरीखाली द्यायचे न्हायत."

आता मात्र त्याला कंटाळा आला. "बाई, अंडी उबवली की निम्मे नर निघतात. लोक सगळे माद्याच मागतात. मग नर कुठे जातात असं वाटलं तुम्हाला? त्याच दिवशी पाण्याच्या पिंपात. तुमचे तर चुकून जिवंत राहिले म्हणा."

अक्का म्हणाली, "पिंप दाखवा."

तो गांगरला, पण उठला. शेडच्या मागे ती एकटीच त्याच्याबरोबर गेली. मी डालग्यांपाशी थांबले. परत आली तेव्हा तिच्याजवळ सांगायला काही नव्हतं. एवढ्या वर्षांत मी तिला असं एकदाच पाहिलं. तिनं एक डालगं उचललं, दुसरं मला उचलायला खूण केली, आणि आम्ही कोंबड्यांसकट स्टेशनवर आलो.

कुर्डुवाडीला तिनं डालग्यांत पाणी ठेवलं. मग म्हणाली, "अय्यांपुढं मी खोटं बोलले."

"तुम्हाला कुठे माहीत होतं, अक्का?"

"म्हाईत नव्हतं म्हंजे इचारलं नव्हतं. सगळ्या माद्या पायजेत म्हनताना नर कुटं जातील, एवढं इचारायला मला काय झालतं? एका मादीमागं एक मेलंय, टीचर. माझ्या कार्डावर मेलंय." गाडीतल्या बाईनं वळून बघितलं. अक्कानं तिलाही तेच सांगितलं असतं, मीच तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः मठात गेली आणि अय्यांना पिंपासकट सगळं सांगून आली. अय्या म्हणाले, जगरहाटी आहे, मनाला लावून घेऊ नका. ती परत आली ती पेटलेली. "माफ करा म्हनाया मी गेलेच नव्हते," म्हणाली, "खोटं होतं ते खोटं होतं म्हनाया गेलते." नरांना तिनं वेगळी जाळी केली, म्हणजे निदान अंड्यांबद्दलचा शब्द राहील. बाजारातल्या आडतीवरचं झाडलोटीचं धान्य आणून ती त्यांना घालायची. आहेत त्या कोंबड्या अंडी देतील तोवर देतील, आता एकही पिल्लू मागवायचं नाही, असं तिनं जाहीर केलं. मग गल्ली उलटी बोलू लागली. पाळल्या तेव्हा धर्म बुडवला, सोडायला निघाली तेव्हा अक्कल बुडवली. त्या तोंडांना काय म्हणावं ते मला आजही सुचत नाही, आणि सुचलं तर छापता येणार नाही.

पुढे काही आठवड्यांनी स्टेशनवरून हमाल निरोप घेऊन आला. पुण्याहून पिल्लांची पेटी आली आहे, तुमच्या नावानं.

आम्ही दोघी गेलो. पेटीवर चिठ्ठी चिकटवलेली होती. सर्व माद्या. तक्रार मिटली असे समजावे. मी वाचून दाखवलं आणि अक्काच्या मानेची शीर उडताना मला दिसली.

"मी मागवल्या न्हायत," ती पार्सलबाबूला म्हणाली. "परत पाठवा."

बाबू म्हणाला, "पाठवतो. पण बाई, ही पेटी चुकून पुढं वाडी जंक्शनला गेली होती, आज परत आलीय. आता पुण्याला पोचेपर्यंत यातलं एक उरायचं नाही. सही करून नेता, की नाही म्हणून लिहू?"

आतला चिवचिवाट फार बारीक झाला होता. अक्का पेटीसमोर उभी राहिली. त्या मॅनेजरनं तिला नाही म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती. घेतली तर तक्रार मिटली, पिंप मिटलं. नाकारली तर हीही मेली. मला त्या क्षणी वाटलं होतं की ती पेटी उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालेल.

तिनं बाबूच्या तांब्यातलं पाणी एका झाकणात मागून घेतलं आणि पार्सल ऑफिसच्या फरशीवर बसकण मारली. एकेक पिल्लू काढून ती त्याची चोच पाण्यात बुडवू लागली. आणि शिव्या देऊ लागली. कानडीत, मराठीत, मॅनेजरला, त्याच्या शर्टाला, मल्लाण्णाला, रेल्वेला, मला, आणि सगळ्यात जास्त स्वतःला. हात मात्र सावकाश चालत होते.

बाबू दबकत म्हणाला, "तुम्हाला नको होती ना, बाई?"

"नकोच हायत," ती मान वर न करता म्हणाली. "टीचर, हे धरा. ह्याची चोच उघडंना."

त्या पेटीतल्या कोंबड्यांवर चन्नप्पा जाईपर्यंत घर चाललं, हे खरं आहे. मल्लाण्णाची ज्वारी बंद झाली, हेही खरं. कोंबडे आणि कोंबड्या परसातच म्हाताऱ्या होऊन मेल्या. पण अंडी घ्यायला आलेलं कुणी जर म्हणालं, "अक्का, शेवटी चांगलंच झालं की," तर ती टोपली झाकून घ्यायची. त्या माणसाला तिनं पुन्हा कधी अंडं विकलं नाही. अशी तिनं बरीच गिऱ्हाइकं घालवली.

ती गेली त्या दिवशी मठाच्या जागेत माती देऊन आम्ही परतत होतो. मल्लाण्णा माझ्या शेजारून चालत होता. म्हणाला, "लई भांडली वैनी जन्मभर. पर शेवटी सगळं चांगलंच झालं म्हना की, टीचर."

त्यानंतर तीन वर्षं मी त्या गल्लीत राहिले, पण त्याच्या दुकानातून काडेपेटीसुद्धा घेतली नाही.