गाडीच्या दाराचे पोचे
गाडीच्या पॉलिशचा उग्र वास आला की मला सिन्नर फाट्याजवळचं ते गॅरेज आठवतं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि बाबांना विसरण्याचा आजार जडला होता. आमच्या गाडीच्या डाव्या दाराला बरेच पोचे होते. पार्किंगमध्ये आईने दार उघडलं की ते खांबावर आपटायचंच आणि बाबा चिडायचे, "अगं, जरा बघून!" त्यांना बरं वाटेल म्हणून मी ते पोचे काढायला गाडी नेली. गॅरेजवाले चाचा दाराच्या आत वाकडी सळई घालून एकेक पोचा हलक्या हाताने बाहेर दाबत होते आणि बाबा पत्र्याच्या सावलीत चहा पीत बसले होते. शेवटी फडकं फिरवून चाचा म्हणाले, "या काका, दार एकदम नवं!" बाबांनी दारावरून सावकाश हात फिरवला आणि ते मागे सरकले. "ही आपली गाडी नाही. आपल्या गाडीला पोचे आहेत. ती आपटते ना दार!" मी नंबर दाखवला, तरी ऐकेनात. "ती आपल्याला शोधत बसेल," म्हणत पुन्हा जागेवर जाऊन बसले. गाडी तिथेच ठेवून मी रिक्षा बोलावली आणि "आईनेच पाठवलीय" म्हटल्यावर ते लगेच उठले. रिक्षात त्यांनी मला कडेला सरकवलं. "मध्ये जागा ठेव, वाटेत घ्यायचंय तिला." आता बाबाही नाहीत. घरापर्यंत त्या रिकाम्या जागेकडे न बघता मी कशी बसले होते, ते मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही.