कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्रार बंद करताना कारण निवडावं लागतं. पर्याय चार: वीज, हवामान, केबल आणि इतर. अकरा वर्षं मी हे काम करतेय आणि माझ्या निम्म्याहून जास्त तक्रारी 'इतर'मध्ये गेल्यात. 'साहेबांचा हट्ट' असा पर्याय कंपनीने दिलेला नाही. त्यामुळे कागदावर 'इतर' राहतं आणि खरं काय घडलं ते आमच्या डोक्यात साठत जातं. चहाच्या वेळी कुणी विषय काढला की एकातून एक निघत राहतं, आणि दरवेळी सांगताना माझं डोकं नव्याने तापतं.

काम काय ते आधी सांगते. दोन इमारती असतात, मधे रस्ता. इकडचं नेटवर्क तिकडे न्यायला दोन्ही गच्च्यांवर एकेक डबा बसवतात, त्याला ब्रिज म्हणतात. प्रत्येक ब्रिजमध्ये एक यादी असते. कोणत्या कॉम्प्युटरला पलीकडे जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं. यादीतली एकेक ओळ म्हणजे एक फिल्टर एन्ट्री. पुण्यातल्या साठ-सत्तर ठिकाणच्या या याद्या आम्ही हडपसरच्या ऑफिसात बसून रिमोटने सांभाळतो. आम्ही म्हणजे मी, वानखडे, मूळची वाशीमची. माझ्या शेजारच्या टेबलावर पेंडसे सर, जे दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतात. गच्च्यांवर चढणारे बाबरदादा. आणि आमचा मॅनेजर कुणाल, जो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे आणि मला 'टीम' म्हणून हाक मारतो.

* * *

एका ग्राहकाला सरकारी इमारतीच्या गच्चीवर ब्रिज बसवायचा होता. परवानगीचा अर्ज घेऊन मी कचेरीत गेले. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "पुलाचं काम तिसऱ्या मजल्यावर."

मी सांगितलं, हा तो ब्रिज नाही. ते म्हणाले, "मॅडम, अर्जात ब्रिज तुम्हीच लिहिलंय. मी लिहिलंय का?"

तिसऱ्या मजल्यावर मला छापील फॉर्म दिला. पुलाची लांबी, नदी अथवा नाल्याचं नाव, भारक्षमता. तीन हेलपाटे घातले, डब्याचा फोटो दाखवला, एकदा तर डबाच नेऊन टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उचलून पाहिला आणि विचारलं, "मग पूल कुठाय?"

मी चिडून परत आले आणि फॉर्म टेबलावर आपटला. पेंडसे सरांनी शांतपणे पेन काढलं. लांबी: चारशे मीटर. नदी: नाही. भार: शंभर कॉम्प्युटर. खाली सही.

दोन महिन्यांनी परवानगी आली. अट एकच होती: 'सदर पुलावर जड वाहनांस प्रवेश बंद ठेवावा.'

सरांनी पत्र फाईलला लावलं आणि म्हणाले, "चला, पहिली फिल्टर एन्ट्री त्यांनीच पाठवली."

* * *

कुणाल नवीन आला तेव्हा त्याला सगळ्या याद्या 'क्लीन' करायच्या होत्या. कात्रजच्या पुढे एक मोठं गोदाम आहे, त्याच्या ब्रिजच्या यादीत चाळीसेक ओळी होत्या. कुणालने खुर्ची ओढली आणि म्हणाला, "टीम, सिम्पल ठेवायचं. आधी सगळ्यांना ब्लॉक करायचं, मग लागतील तेवढे ॲड करायचे."

मी म्हटलं, "सगळ्यांना ब्लॉक केलं तर आपणही ब्लॉक होऊ. आपणही त्याच ब्रिजमधूनच आत जातो."

"वानखडे मॅडम, डोन्ट बी निगेटिव्ह."

त्याने बटण दाबलं. गोदाम बंद पडलं. आम्हीही बाहेर. स्क्रीनवर लाल चौकोन, आणि कुणाल तेच बटण परत परत दाबतोय. गोदामात माल भरायला आलेल्या गाड्या फाटकाशी थांबल्या, कारण चलन निघेना.

"रिमोटने उघडा ना परत," तो मला म्हणाला. जणू दार मीच आतून लावून घेतलं होतं.

शेवटी बाबरदादांना फोन केला. ते तेव्हा खराडीला एका गच्चीवर होते. भर उन्हात, बाइकला शिडी बांधून, अख्खं पुणे ओलांडून ते कात्रजला गेले, पत्र्यावर चढले, डब्याला लॅपटॉप जोडला आणि सगळ्यांना अडवणारी ती एक ओळ काढली. दोन तास गेले. कुणालने त्यांना फोन करून विचारलं, "बाबर, इतका वेळ का लागला? आपल्याकडे रिमोट सिस्टीम आहे."

स्पीकर चालू होता. बाबरदादा दम खात म्हणाले, "हाय की साहेब. तुमचा रिमोट म्हंजे मीच हाय."

* * *

एका सोसायटीत ए आणि बी अशा दोन विंग, मधे आमचा ब्रिज. चेअरमनांचा फोन आला. आवाज एकदम गोड. "अहो मॅडम, बी-६०४ चं नेट जरा बंद करायचं होतं."

"तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही हो. फार बोलतात मीटिंगमध्ये."

मला वाटलं गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते. मी म्हटलं, असं कुणाला अडवता येत नाही. ते म्हणाले, यादी तुमच्या हातात आहे, न येण्यासारखं काय आहे? आणि खरं सांगते, तेच मला सगळ्यात जास्त लागलं. कारण त्यांचं बरोबर होतं. एक ओळ टाकायची, चार सेकंदांचं काम. सहाशे चारमध्ये कोण राहतं, त्यांच्या घरात कोण शिकतं, कोण आजारी आहे, यादीला काही कळत नाही. तिला फक्त त्यांच्या मशीनचा बारा अक्षरांचा एक पत्ता कळतो.

मी म्हटलं, "लेखी द्या." वाटलं, लेखी म्हटल्यावर माणूस मागे सरेल.

दुसऱ्या दिवशी लेखी आलं. लेटरहेडवर, शिक्क्यासह. 'सदर सभासद वारंवार प्रश्न विचारत असल्याने त्यांची इंटरनेट सुविधा पुढील सर्वसाधारण सभेपर्यंत स्थगित करावी.'

कुणाल म्हणाला, ग्राहक आहे, करून टाका. मी नाही म्हटलं. ग्राहक सोसायटी आहे, चेअरमन नव्हे. आमचं थोडं वाजलं. मग मी रीतसर उत्तर लिहिलं: आपली दिनांक अमुकची विनंती सोबत जोडली आहे, ती मान्य करता येत नाही. आणि पाठवलं. आता आमच्या सॉफ्टवेअरमधून उत्तर गेलं की त्या ग्राहकाच्या नावावर नोंदलेल्या सगळ्या इमेलवर त्याची प्रत जाते. सोसायटीचे सगळे सभासद नोंदलेले होते. ती सोय मी केलेली नाही. सॉफ्टवेअरचीच आहे.

सर्वसाधारण सभेनंतर त्या सोसायटीतून फोन आला, संपर्काचा नंबर बदलायचा म्हणून. नवे चेअरमन बी-६०४ मध्ये राहतात.

* * *

मंडईजवळच्या एका हॉस्पिटलची लॅब रस्त्याच्या पलीकडे आहे. त्यांच्या यादीत एक ओळ होती. ना मशीनचं नाव, ना विभागाचं. पुढे शेऱ्यात फक्त: 'काढू नये. – जोशी'.

ऑडिटवाले आले आणि म्हणाले, प्रत्येक एन्ट्रीला मालक हवा. जोशी कोण? हॉस्पिटलच्या आयटीत जोशी नव्हते. आमच्याकडे नव्हते. कुणालने फर्मान काढलं, डिलीट.

पेंडसे सर म्हणाले, "काढू नये असं लिहिलंय."

"सर, वी कान्ट रन ऑन इमोशन्स."

"भावना नाही ती. सूचना आहे."

कुणालने मेलवर लेखी आदेश दिला. मी पत्ता वहीत उतरवून घेतला आणि ओळ काढली. दहाव्या मिनिटाला हॉस्पिटलचा फोन. लॅबमध्ये तपासण्या होतायत, पण रिपोर्ट वॉर्डात पोचत नाहीत. वहीत बघून ती ओळ मी परत टाकली, सगळं सुरू झालं. पण तेवढ्या वेळात एका पेशंटला ऑपरेशनला न्यायचं होतं आणि रक्ताचा रिपोर्ट अडकला होता. तिथल्या सिस्टरनी नंतर मला फोन केला. चिडलेल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. "मॅडम, कागद हातात घेऊन मी रस्ता ओलांडला. रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचले. परत असं करू नका."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आदेश कुणालचा होता, पण बटण मी दाबलं होतं.

जोशी सापडले. पूर्वी त्या हॉस्पिटलात होते, निवृत्त होऊन पेठेतच राहतात. कुणालने त्यांना स्पीकरवर घेतलं आणि वर त्यांनाच झापायला लागला. "सर, यू शुड हॅव डॉक्युमेंटेड इट."

"केलं होतं की," जोशी म्हणाले. "'काढू नये' यातलं आपल्याला नेमकं कोणतं अक्षर लागलं नाही?"

ऑडिटच्या तक्त्यात त्या ओळीसमोर मालक म्हणून आता लिहिलंय: जोशी, निवृत्त.

* * *

आणि हा एक. हडपसरचीच एक कंपनी, दोन इमारती, मधे आमचा ब्रिज. एके सकाळी त्यांच्या एचआरच्या आरती मॅडमचा मेल आला. चौदा पत्ते, दुपारी बारा वाजता ब्लॉक करावेत. नावं नाहीत. मला वाटलं जुने लॅपटॉप भंगारात चाललेत. मी चौदा ओळी टाकल्या, वेळ बाराची लावली.

बारा वाजून चार मिनिटांनी फोन. "मॅडम, कदम बोलतोय. माझ्या एकट्याचंच नेट गेलंय. शेजारच्याचं चालू आहे. जरा बघता का?"

मी पत्ता विचारला. यादीतला होता. तेवढ्यात दुसरा फोन, मग तिसरा. सगळे यादीतले. मी आरती मॅडमना फोन लावला.

"हो, ते चौदा जण आज नोकरीतून रिलीव्ह होतायत," त्या म्हणाल्या.

"त्यांना माहितीये?"

"साडेतीनला मीटिंग आहे, तेव्हा सांगू. तोपर्यंत फोन आले तर मेंटेनन्स चालू आहे म्हणा."

"हे तुम्ही सांगा ना मॅडम, मी का सांगू?"

"कारण फोन तुम्हाला येतायत," त्या म्हणाल्या आणि ठेवला.

एक वाजता कदमांचा परत फोन. "मॅडम, दोनला माझं प्रेझेंटेशन आहे. दोन महिने त्यावर काम केलंय. तोपर्यंत होईल ना?"

कुणाल मागे उभा होता, मान हलवून 'मेंटेनन्स' असं खुणावत होता. पेंडसे सरांनी आपला हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"कदम," मी म्हटलं, "मेंटेनन्स वगैरे काही नाही. एचआरकडे जा. आत्ता जा. तुमच्यासारखं अजून तेरा जणांचं नेट गेलंय, त्यांनाही बरोबर घ्या."

ते म्हणाले, "असं होय. बरं झालं सांगितलंत."

दिवसभर कुणाल माझ्याशी बोलला नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी मी पर्स भरत होते, तर फोन वाजला. आरती मॅडम. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी.

"वानखडे मॅडम, माझं नेट गेलंय," त्या म्हणाल्या. "बाकी सगळ्यांचं चालू आहे."

मी यादी उघडली. पंधरावी ओळ होती. आमच्या ऑफिसातून टाकलेली नव्हती. आम्ही त्यांच्याच मुख्य ऑफिसला दिलेल्या लॉगिनवरून, पाच वाजता.

"मेंटेनन्स चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.